डाव्या हाताची निब

सांडोर, १९ ऑगस्ट १९७९

दादा,

नमस्कार घे. 'पाया पडते' असं लिहायची पद्धत आहे, पण तुझे पाय नागपूरला आणि माझा राग अजून इथेच, म्हणून नुसता नमस्कार.

एक साधी चौकशी आहे. तुमच्या रेल्वेच्या ऑफिसात सगळे शाईच्या पेनाने लिहितात ना? परवडेल असं, टिकणारं, आणि मुख्य म्हणजे निब काढून तिथे दुसरी बसवता येईल असं पेन कोणतं, ते विचारून कळव. निब बारीक लागेल की जाड, ते अजून ठरलेलं नाही. म्हणून बदलता येणारी हवी. चार निबांसाठी चार पेनं घेणं मास्तरणीला कुठलं परवडायला?

इथे पाऊस थांबत नाही. शाळा सुटली की मी छत्री घेऊन केळीत जाऊन बसते. वर पानं, खाली पाणी, सगळा उजेड हिरवा. तिथे बसल्या बसल्या मला कुठलंही गाव दिसतं. परवा नागपूर दिसलं. तुझ्या अजनीच्या क्वार्टरला मी निळी खिडकी लावली आणि खिडकीत वहिनीला बसवलं. ती तांदूळ निवडत होती आणि कोणाची तरी वाट बघत होती. खिडकी कुठल्या रंगाची आहे ते कळव, म्हणजे पुढच्या वेळी बरोबर रंगवीन. तीस वर्षांची झाले तरी मला दिवसा स्वप्नं पडतात, हे तुला नवीन नाही.

बरं, ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. पेन बाबांसाठी आहे.

'बाबांविषयी एक अक्षर लिहू नकोस' असं तू बजावलं होतंस. मी इतके दिवस पाळलं. आज मोडते. जूनमध्ये राजेळी केळीची लावणी चालू असताना बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाटात पडले होते. क्लेमेंटीन आत्याने बघितलं म्हणून वाचले. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला आहे, काठी घेऊन ओटीवरून अंगणात येतात. हात आलेला नाही. बोलणंही नाही. एकच शब्द स्वच्छ येतो, 'नाय'. चहा हवा का, नाय. नको का, नाय. मग मी चहा ठेवते आणि ते पितात.

ज्या हाताने त्यांनी देवळातल्या गायकांसाठी गीतांची ती मोठाली पानं लिहिली, मागच्या बाकावरून वाचता यावीत इतकी ठसठशीत, तो हात आता मांडीवर पडलेला असतो. ते डाव्या हाताने तो उचलून ठेवतात, शेजारच्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. मला बघवत नाही. म्हणून मी ठरवलंय की डावा हात लिहिता करायचा.

आणि माझं लग्न ठरलंय. बघ, हे सगळ्यात शेवटी आठवलं. गिरीज गावचा क्लेमेंट, वीज मंडळात आहे, नोकरी नाशिकला. बोलतो कमी, हसतो जास्त. नाताळ झाला की जानेवारीत लग्न. तू ये दादा. वहिनीला घेऊन ये. आपल्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेली शेजारच्या नरहरीकाकांची प्रेमला माझी वहिनी झाली, त्याला सहा वर्षं होत आली, आणि मी तिला 'वहिनी' म्हणून एकदाही हाक मारलेली नाही.

उत्तर नेहमीसारखं शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी
आल्बिना


सांडोर, ९ सप्टेंबर १९७९

दादा,

काल मारियामातेच्या जन्माचा सण झाला. देवळात भाताची नवी कणसं वाटली. मी घरी येऊन एक कणीस बाबांच्या डाव्या हातात दिलं, तर त्यांनी ते किती तरी वेळ सोडलं नाही. पकड आहे. त्या आनंदात होते आणि तुझं पत्र आलं.

'बाबांच्या हातचं पत्र येऊ दे. दोन ओळी चालतील. मग येतो.'

हातचं! कुठल्या हातचं रे? मी इतकं सविस्तर लिहिलं ते तू वाचलंस की पाकिटावरचं तिकीट बघून ठेवून दिलंस? नंतर दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की 'हातचं' या शब्दावर तुझी शाई पसरली आहे. म्हणजे वाचलंस, आणि रडलासही असशील. पण अट सोडली नाहीस. निकोलस मास्तरांचा मुलगा शोभतोस हो, खाण तशी माती.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. धर्माबाहेर लग्न केलंस म्हणून ज्या माणसाने फाटक लावून घेतलं आणि 'त्या मुलीचं नाव या घरात नको' असं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, त्याने बोलावल्याशिवाय कसं यायचं, हे मला कळतं. फक्त तू ज्या माणसावर रागावला आहेस तो आता ओटीवर बसत नाही. तिथे दुसराच कोणी बसतो, माशा हाकतो, आणि नाय म्हणतो.

खरं सांगू? तुझं पत्र मिटलं आणि पहिला विचार आला की मीच लिहून टाकते. माझं अक्षर बाबांचंच आहे, त्यांनीच हात धरून गिरवून घेतलेलं. लहानपणी तू प्रगतिपुस्तकावर त्यांची सही माझ्याकडूनच घेत होतास. दोन ओळी म्हणजे काय, मी चार पानं लिहीन आणि तू हुंदके देत पहिल्या गाडीला बसशील. पण मग तू ओटीवर येशील, बाबांचा हात बघशील, आणि तुला कळेल. त्यानंतर माझ्या कुठल्याच पत्रावर तू विश्वास ठेवणार नाहीस. म्हणून नाही लिहिलं. मोह अजून आहे, तेवढं कबूल करते.

आता पेन. 'सरळ परदेशी पेन घे, आयुष्यभर पुरतं' असं लिहिलं आहेस. उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं! ते पेन माणिकपूरला जयरामशेठच्या दुकानात काचेच्या कपाटात झोपलेलं आहे. मी बाहेरूनच त्याचं दर्शन घेतलं.

शिसपेन आणि बॉलपेन आम्ही करून बघितलं. दोन्हीला दाब द्यावा लागतो, आणि डाव्या हातात जोर नाही. बाबा बॉलपेन कागदावर टेकवतात, ओढतात, आणि कागदावर काही उमटत नाही, नुसता ओरखडा. त्यांनी ते पेन अंगणात फेकलं. मला त्याचा आनंदच झाला, फेकायला तरी हात उठला. शाईच्या पेनाचं तसं नसतं, नुसतं टेकवलं तरी ते लिहितं. म्हणून मी त्याच्या मागे लागले आहे.

जयरामशेठ म्हणाला, "मास्तरीण, गिऱ्हाइकांचं लाडकं पेन घ्यायचं तर हे घ्या. काळं, साधं, पडलं तरी तक्रार नाही. निब उपसली की दुसरी बसते." आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन त्याने निब धरली, खस्सकन ओढली, निबेखालच्या जिभेसकट बाहेर. दात काढावा तसं. मग पत्र्याच्या डबीतून दुसरी घेऊन दाबून बसवली. मला इतकी गंमत वाटली की मी तिथेच उभी राहून स्वप्न बघायला लागले. माणसाचंही असं करता आलं असतं तर? बाबांची रागाची निब काढून डबीत टाकायची आणि दुसरी बसवायची, तुझीही तशीच. "घेताय की बघताय?" असं जयरामशेठने विचारलं तेव्हा जागी झाले.

अजून घेतलेलं नाही. पगार झाला की घेईन. निबा तीन घेणार: बारीक, जाड, आणि एक तिरकी कापलेली. 'ही खास डावखुऱ्यांची' असं तो शपथेवर सांगतो.

खिडकीचा रंग कळवला नाहीस.

आल्बिना


सांडोर, १४ ऑक्टोबर १९७९

दादा,

पेन आलं, आणि त्याच्यामागोमाग तमाशाही आला. सगळं क्रमाने सांगते.

पहिल्या दिवशी बाबांनी पेनाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाय." मी ते पेन तसंच त्यांच्याजवळ टोपण काढून ठेवलं आणि विहिरीवर गेले. परत आले तर कागदावर शाईचा डाग आणि बाबा दुसरीकडे बघत बसलेले. चोरून दूध प्यालेल्या मांजराला सुद्धा इतकं साळसूद होता येत नाही.

आपण उजव्या हाताने लिहितो तेव्हा निब मागे ओढली जाते. डाव्याने ती पुढे ढकलावी लागते. बारीक निब ढकलली की ती कागदात रुतते आणि कागद फाटतो. ती गेली डबीत. मग जयरामशेठची खास डावखुऱ्यांची. ती एका विशिष्ट कोनात धरली तरच लिहिते, आणि बाबांचा हात कुठल्या कोनात जाईल हे बाबांनाही माहीत नसतं. तीही डबीत. तिसरी जाड. गोल टोकाची, मऊ, कुठूनही कशीही ढकला. दादा, ती चालली! बाबांनी एक उभी रेघ काढली, मग आडवी, मग एक वाकडातिकडा 'न', आपल्या नावाचा. काळाभोर. मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले आणि मग तोंड धुऊन बाहेर आले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून अक्षरं फिकी व्हायला लागली. आधी निळसर, मग राखाडी, शेवटी तर कागद तिरपा करून उजेडात धरला तरच दिसतील अशी. मी पेन घेऊन माणिकपूरला गेले. जयरामशेठने जीभ बदलली, निब काचेवर घासून दिली. घरी आले, तेच. पुन्हा गेले, नवी जाड निब आणली. तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आमचं भांडण झालं. तो म्हणाला, "पेन काय करणार? हात बघा ना हात." मी भर दुकानात त्याला नाही नाही ते बोलले. क्लेमेंट माझ्याबरोबर होता. लग्नाआधीच त्याला माझा आवाज कळला, बरं झालं.

पण घरी काय चाललं होतं ते मला उशिरा दिसलं. बाबा ती फिकी अक्षरं बघत होते आणि त्यांना वाटत होतं की आपलाच हात संपत चाललाय. एके दुपारी त्यांनी पेनाला स्वतःच टोपण लावलं, कागदावर आडवं ठेवलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी हाक मारली. 'नाय' सुद्धा म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला वाटलं की हे सगळं करून मी त्यांचं भलं नाही, वाईटच केलं.

मग संध्याकाळी आत्या आली. बाबांना बघून ती दारातच थबकली आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेली. "पोरी, रागवू नको हां. त्या शाईत मी पवित्र पानी ओतलंय."

"किती?"

"रोज जराजरा. त्याच्या हातात बळ येवं म्हनून. फादरकडनं बाटली भरून आनलेली हाय. शाई कमी झाली का मी भर घालते. वाईट काय केलं?"

दादा, मी साप साप म्हणून भुई धोपटत होते! बिचारी निब, बिचारा जयरामशेठ. मला रागवावं की हसावं कळेना. मी दौत उचलली आणि बाबांसमोर आत्याला उभं केलं. म्हटलं, सांग तुझ्या भावाला. आत्याने सगळं सांगितलं, पदराशी चाळा करत, आणि शेवटी म्हणाली, "देवाचंच पानी हाय रे निकोलस, वाया नाय जायाचं."

बाबा हसले. जूननंतर पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण पोट पूर्ण हसत होतं. डोळ्यांतून पाणी आलं. आत्या आधी चिडली, मग तीही हसायला लागली. मी नवी शाई भरली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. 'न' उमटला, केळीच्या चिकाच्या डागासारखा, कधी न जाणारा.

जुनी दौत ओतून द्यायचं धाडस कोणाला झालं नाही. आत्याने ती देवघरात नेऊन ठेवली आहे.

जयरामशेठची माफी मागायला जायचं आहे. तू आधी एखादं पत्र बाबांना लिहिलंस तर माझं काम सोपं होईल. माफीच्या बाबतीत आपल्या घराण्यात कोणी तरी सुरुवात करायला हवी.

आल्बिना


सांडोर, १८ नोव्हेंबर १९७९

दादा,

बाबा लिहितात. हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुला कळणार नाही.

अक्षर पहिलीतल्या पोराचं आहे, ओळ डोंगर चढते आणि उतरते, पण वाचता येतं. पहिलं पूर्ण वाक्य कोणाला लिहिलं असेल? नरहरीकाकांना. तुमच्या लग्नापासून एका विहिरीवर दोघांचं पाणी, पण शब्द नाही. बाबा पडल्यापासून नरहरीकाका आपल्या पाळीचं पाणी गुपचूप आमच्या केळीला सोडत होते. मला वाटत होतं बाबांना माहीत नसेल. ओटीवर बसून माणसाला सगळं ऐकू येतं. तर कागदावर लिहिलं, 'सोमवारचं पाणी माझं.' आणि मला खूण केली, नेऊन दे.

मी कुंपणापाशी गेले. नरहरीकाकांनी कागद हात लांब करून वाचला. "मास्तर हा?" म्हणाले. "याचं अक्षर गेलं, पन खोड नाय गेली." आणि तिथूनच ओरडले, "सोमवार तुझाच रे! पन इंजिन माझं हाय!"

बाबांनी ओटीवरून काठी आपटली. लगेच दुसरा कागद. असं चार दिवस चाललं, मी आपली मधली टपालवाली. शेवटी नरहरीकाका कुंपण ओलांडून आले आणि म्हणाले, "ओरडून माझा घसा बसला, मला पन ते पेन दे." पण जाड निब त्यांना चालेना, त्यांचं अक्षर मुंगीसारखं. मग बाबांनी डबीकडे बोट दाखवलं. मी जाड निब उपसली, बारीक बसवली. ते लिहून झाले की बारीक उपसली, जाड बसवली. माझी बोटं आठवडाभर निळी होती. मुली वर्गात विचारत होत्या, बाई, तुम्ही रंगपंचमी खेळलात का?

हल्ली नरहरीकाका रोज चार वाजता येतात. अंगणात बांबूच्या मांडवीवर राजेळीची सुकेळी वाळत घातलेली असतात, त्यांच्यावर नजर ठेवत दोघं म्हातारे एका पेनाने भांडतात. पाण्यावरून, इंजिनावरून, कुठल्या साली कुठली केळी पडली होती त्यावरून. मी स्वयंपाकघरातून बघत बसते आणि मला वाटतं की मी हे झोपेत बघते आहे, जागी झाले की पुन्हा कुंपण उभं असेल. तुमच्या दोघांचं नाव मात्र कोणी काढत नाही. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी, आणि मध्ये सुकेळी.

तुला पत्र त्यांनी लिहिलं नाही, हे तू आतापर्यंत ओळखलं असशील.

मी विचारलं. कागद पुढे ठेवला, वर 'चि. मार्सेल' मी लिहून दिलं. ते कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत होते. मग खाली लिहिलं, 'धाकटा कोण?' आणि पेन टोपण घालून मला परत केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

म्हणजे बघ, मी पेन शोधलं, निबा शोधल्या, हात परत आणला, आणि तो हात आता मुद्दाम लिहीत नाही. आणि समजा उद्या लिहिलं, तरी तुला ते अक्षर ओळखू येणार नाही. तुझ्या डोक्यात त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. ही वेडीवाकडी ओळ बघून तू म्हणशील, आल्बिनाने शाळेतल्या कोणा पोरीकडून लिहून घेतलं. रात्री हे मनात आलं आणि मी उठून बसले.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवते आहे, ती आता सांगून टाकते. मला भीती वाटते. लग्नानंतर मी नाशिकला जाणार. आत्या दिवसा येईल, नरहरीकाका चारला येतील, पण घरात आपलं म्हणावं असं कोणी नसेल. तू इथे येऊन राहा असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी, तुझा संसार आहे. पण नागपूरला आपला मुलगा आहे, सणाला येतो, असं त्यांना माहीत असलं तरी मी गाडीत बसू शकेन. नाहीतर क्लेमेंटला काय सांगू? मी दोनदा त्याला 'पुढे ढकलू या' म्हणायला गेले आणि दुसरंच काही तरी बोलून परत आले.

लवकर लिही. त्यांना लिही, मला नको.

आल्बिना


सांडोर, ९ डिसेंबर १९७९

दादा,

पत्र मिळालं. 'मी घर सोडलं नव्हतं, मला काढलं होतं. आधी त्यांनी.' बरोबर आहे तुझं. त्यांचंही बरोबर आहे. दोघांचंही इतकं बरोबर आहे की माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नाही.

आज देवळात रविवारच्या मिस्सानंतर आमची नावं पहिल्यांदा वाचली. या लग्नाला कोणाची हरकत असेल तर कळवावं, असं फादर म्हणाले, तेव्हा क्षणभर मला वाटलं की आपणच उठून उभं राहावं आणि म्हणावं, माझी हरकत आहे, माझ्या बाबांना कोणाच्या भरवशावर ठेवू? क्लेमेंट पलीकडच्या बाकावर होता. माझ्याकडे बघून हसला. मग नाही उठले.

आता तुला पत्र नाही. लग्नाची तारीख तुला माहीत आहे. राग नाही, दमले आहे.

आल्बिना


सांडोर, १६ डिसेंबर १९७९

प्रेमलावहिनी,

हे अक्षर बघून तुला वाटेल, हिला आज माझी कशी आठवण झाली. आठवण रोज होती. हाक मारायचं धाडस आज झालं, ते सुद्धा कागदावर.

तुमच्याकडे आणि आमच्याकडे एक रीत सारखी आहे. लग्नाचं बोलावणं घरच्या माणसाने उंबऱ्यात येऊन करायचं असतं, नुसत्या निरोपावर कोणी जात नाही. ऑगस्टपासून मी दादाला लिहिते आहे. त्याला कोणी बोलवायचं, आधी कोणी लिहायचं, यावर आम्ही तिघांनी इतके कागद काळे केले. आणि काल सुकेळी उलटताना एकदम लक्षात आलं की तुला कोणी बोलावलंच नाही. सहा वर्षांत एकदाही. मी सुद्धा 'वहिनीला घेऊन ये' असं त्याला लिहिलं, जणू तू त्याच्याबरोबरची ट्रंक आहेस. या घरात यायचा तुझा हक्क तुझा स्वतःचा आहे, दादाच्या रागातून उरलेला नव्हे.

म्हणून तुझ्या उंबऱ्यात मी या कागदावरून उभी आहे. वहिनी, माझ्या लग्नाला ये. मुलीच्या घरचं माणूस म्हणून ये. तुझे बाबा आता रोज आमच्या ओटीवर असतात, हे दादाने तुला सांगितलं की नाही कोण जाणे. परवा चहा पिताना ते म्हणाले, "प्रेमला असती तर चहात आलं घातलं असतं." सहा वर्षांत या अंगणात तुझं नाव पहिल्यांदा निघालं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी 'नाय' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चहात आलं घातलं आणि दोघांनी दोनदा मागितला.

आज सकाळी मी हे पत्र ओटीवर बसून, बाबांच्या समोर, लपवाछपवी न करता लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. 'प्रेमलावहिनी' म्हटल्यावर त्यांनी माशा हाकायचं थांबवलं. 'तुला कोणी बोलावलंच नाही' इथपर्यंत आले तर ते सुकेळ्यांकडे बघत होते, पण कान इकडे होते. 'चहात आलं' या वाक्याशी मी थांबले. दूध उतू जात होतं म्हणून आत गेले. परत आले तर हा कागद त्यांच्या मांडीवर होता. उजवा हात त्यांनी उचलून कागदावर ठेवला होता, कागद उडू नये म्हणून. डावा हात त्यांनी माझ्यापुढे केला.

मी पेन दिलं. त्यांनी मान हलवली. डबीकडे बोट दाखवलं. पेनात माझी बारीक निब होती ना. मी ती उपसली, जाड बसवली, शाई जिभेत उतरेपर्यंत कोरड्या कागदावर दोन रेघा ओढल्या आणि पुन्हा दिलं.

वहिनी, दादाला त्यांचं जुनं अक्षर पाठ आहे, तो कदाचित हे ओळखणार नाही. पण तुझ्या डोक्यात ते जुनं बसलेलं नाही. तुला त्यांच्याकडून आजवर एक ओळही आलेली नाही. तुझ्यासाठी हेच त्यांचं अक्षर आहे, पहिलं आणि खरं. दादाने शंका काढली तर तूच त्याला सांग.

ते लिहीत असताना मी समोर बसून होते. वाचायचा प्रयत्न केला नाही. ऊन अंगणभर पसरलं, नरहरीकाका कुंपणापर्यंत आले, आमच्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, परत गेले. बाबांना घाम आला होता. मध्ये एकदा पेन निसटलं, मी उचलायला गेले तर "नाय" म्हणाले आणि स्वतः वाकून उचललं. झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. वरची ही वाक्यं मी नंतर, उरलेल्या जागेत, दाटीवाटीने घातली आहेत. तुला पोचायला वेळ आहे, पण मला आतापासूनच तू निळ्या खिडकीत बसून हे वाचताना दिसतेस.

तुझी नणंद
आल्बिना

सूनबाई,
लग्नाला ये.
येताना त्याला पण आण.
तुझा सासरा
निकोलस